पाचपैकी दोन

सोसायटीच्या फलकावर मी लावलेल्या यादीला परवा सकाळी लाल शाईने गुण पडले होते: 5 पैकी 2. शिवाय 'दिगदर्शक'मधल्या 'ग'चा पाय मोडून दिला होता. पायाचं मान्य. गुणांचं नाही.

पाच शनिवार, हॉलमध्ये व्ही. शांताराम, एवढाच बेत. क्रम माझा: कुंकू (1937), माणूस (1939), शेजारी (1941), दो आँखें बारह हाथ (1957), पिंजरा (1972).

गुण देणारे काका लिफ्टपाशीच भेटले. एक पाय आत, एक बाहेर. खिशाला लाल पेन.

"'संत तुकाराम' कुठंय?"

"काका, तो शांतारामांचा नाही. दामले-फत्तेलालांचा."

"प्रभात फिल्म कंपनीचा ना?"

"हो."

"मग?"

"प्रभातचे मालक पाच जण होते. दामले आणि फत्तेलालही त्यातलेच."

कृपया दरवाज़ा बंद कीजिए, लिफ्ट म्हणाली.

"म्हणजे शांतारामांचा पाचवा हिस्सा झालाच की!"

"सोसायटीत माझाही हिस्सा आहे. तुमच्या गॅलरीत कपडे वाळत घालू?"

"ते बायलॉजमध्ये बसत नाही. आणि आमच्या लग्नाच्या आधीपासून तो सिनेमा शांतारामांचा आहे."

कृपया दरवाज़ा बंद कीजिए. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी जाळी बडवायला लागलं. काकांनी पाय हलवला नाही.

"आणि 'नवरंग' नाही? हिला होळीचं गाणं बघायचंय."

"काकूंना गाणं वेगळं दाखवतो."

"गाण्यापुरता सिनेमा तोडायचा नसतो," असं मलाच ऐकवून ते वर गेले. यादीत 'नवरंग' घातला असता तर मी नेमकं हेच म्हणणार होतो, याचा राग जास्त.

वास्तविक या माणसाची क्रमवारी लावणं हाच आचरटपणा आहे. 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनचे डोळे पडदाभर करणारा तोच, बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त एकनाथ करणारा तोच, आणि 'झनक झनक पायल बाजे'त रंगांचा सडा घालणारासुद्धा तोच. तरी 'कुंकू' पहिला, कारण त्यात पार्श्वसंगीतच नाही. म्हातारा वकील, त्याच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा आणि भिंतीवरचं घड्याळ. घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे हॉलचे पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर घड्याळाच्या जागी ओरिएंटची घरघर ऐकू येते. दुसरं म्हणजे प्रोजेक्टर 4:3 वर ठेवायचा. त्या काळची चौकट जवळजवळ चौरस. 16:9 वर ताणली की शांता आपटे आडव्या होतात आणि केशवराव दाते गुबगुबीत. मग त्या म्हाताऱ्याची कीव कशी येणार?

'माणूस' दुसरा, कारण प्रेमात पडून झिंगत मरणाऱ्या नायकांची तेव्हा चलती होती आणि इथला हवालदार शेवटी मुकाट्याने कामावर जातो. 'शेजारी'त धरण फुटतं ते सगळे सांगतात. त्याच्या हिंदी आवृत्तीत हिंदू म्हातारा मझहर खान झाले आणि मुसलमान म्हातारा गजानन जागीरदार, हे कुणी सांगत नाही. 'दो आँखें'बद्दल लोकांना बैलाशी झुंज आणि डोळ्याची दुखापत पाठ. बर्लिन चित्रपट महोत्सवातलं रौप्य अस्वलही पाठ. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे होता, हे आटपाडीच्या माणसाखेरीज कुणाला ठाऊक नसतं. 'पिंजरा' पाचवा; डॉ. लागू नसते तर यादीतच नसता.

हे सगळं मी मीटिंगमध्ये मांडलं. प्रभातचा स्टुडिओ इथून रिक्षाने पंधरा मिनिटं, लॉ कॉलेज रोडला, आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, हेही. एका आजींनी विचारलं, पंखे बंद म्हणजे किती वेळ?

दुपारी नवा फलक लागला. अक्षर सुरेख, शाई लाल, सगळे पाय मोडलेले:

'शांताराम महोत्सव. दिग्दर्शक: व्ही. शांताराम. शनिवारी सायं. 6 वा. संत तुकाराम. पंखे चालू राहतील. खुर्ची घरून आणावी. प्रोजेक्टर: बी-7.'

बी-7 म्हणजे मी.