महामारी संपली, हे ठरवणार कोण?

आज नव्या वकिलांच्या ऑनलाइन ट्रेनिंगला बसले होते. स्क्रीनवर एक क्लॉज आला, पिवळ्या रंगात, वर मथळा 'आदर्श मसुदा'. दोन ओळी वाचल्या आणि कानशिलं तापली. क्लॉज माझा होता. २०२१ मधला.

तेव्हा मी पेटंटवाल्या कंपनीच्या बाजूने होते. एका औषधाचं लायसन्स दुसऱ्या कंपनीला द्यायचं, महामारी असेपर्यंत रॉयल्टी माफ. आम्ही आपली पाठ थोपटून घेत होतो. रात्री साडेअकराचा व्हिडिओ कॉल. समोरचा वकील सारखा म्यूट होत होता. बोलायला माइक सुरू केला की मागून आवाज यायचा, ठरावीक अंतराने. फुस्स... फुस्स... ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. "सॉरी मॅडम, वडील आहेत," म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला. त्याचा मुद्दा एकच होता. महामारी संपली हे ठरवणार कोण?

तो म्हणत होता, जागतिक आरोग्य संघटना. मी म्हणत होते, पेटंटधारक, 'स्वतःच्या वाजवी मतानुसार'. पाऊण तास हेच. शेवटी मी माझंच खरं केलं. (तो 'वाजवी' पण माझाच. जरा बरं दिसावं म्हणून.)

'आम्ही काय, क्लायंट सांगेल ते लिहितो' हे आता कुणी म्हणालं की डोकं फिरतं. क्लायंट फक्त म्हणाला होता, 'आपल्या हातात राहू द्या.' शब्द कुणी शोधले? जागतिक व्यापार संघटनेच्या २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात, म्हणजे पेटंट आणि औषधांबद्दलच्या, स्वच्छ लिहिलंय की राष्ट्रीय आणीबाणी कशाला म्हणायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाचा. जगभरच्या सरकारांनी भांडून मिळवलेली ती गोष्ट आमच्यासारखे लोक रात्री साडेअकराला एका क्लॉजमध्ये परत कंपनीच्या खिशात घालतात. फीसुद्धा घेतात.

आणि हे फक्त माझ्या फाइलीत झालं म्हणता? अमेरिकेतल्या मॉडर्ना या लस कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं, महामारी चालू आहे तोवर कोविडची लस बनवणाऱ्या इतरांवर आपली पेटंट चालवणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फायझर आणि बायोएनटेकवर दावा, भरपाई ८ मार्च २०२२ पासूनची. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली ५ मे २०२३ ला. आता सांगा, मार्चमध्ये संपवली कुणी?

पेटंट नसेल तर संशोधनात पैसा कोण ओतणार, मान्य. नुसतं पेटंट उठवून लस बनत नाही, कारखान्यातली हातोटीही लागते, हेही मान्य. झालं? पण भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२० ला ट्रिप्समधून, म्हणजे व्यापार संघटनेच्या पेटंट वगैरेंच्या करारातून, सवलत मागितली आणि निर्णय आला १७ जून २०२२ ला, तोही फक्त लसींपुरता. वीस महिने! तेवढे दिवस कुणी स्वल्पविराम हलवत बसलं होतं, तर ते आमचेच जातभाई.

दुसरं लिहिता आलं असतं, हेच जास्त लागतं. रेमडेसिविरच्या २०२० च्या परवान्यांत रॉयल्टीमाफी जागतिक आरोग्य संघटनेच्या घोषणेशी बांधलेली होतीच. (दुसरं औषध किंवा लस मंजूर झाली तर माफी बंद, ही फटही होती. तेही वकीलच.) म्हणजे तो माणूस काही जगावेगळं मागत नव्हता.

चिडून लिहायला बसले होते, आता हात जड झालाय. पाऊण तासात त्याने एकदाही आवाज चढवला नाही. कॉल संपताना म्हणाला, "थँक्यू मॅडम, उद्या क्लीन कॉपी पाठवतो." पाठवली, सकाळी सहाला. वडील कसे आहेत हे मी त्या मेलच्या उत्तरातही विचारलं नाही. 'नोटेड विथ थँक्स' लिहिलं.

आत्ताच ट्रेनिंगवाल्यांचा मेल आलाय, स्लाइड्स सगळ्यांना पाठवू का? आधी लिहिलं, तो क्लॉज काढा. मग ते खोडलं. क्लॉज राहू द्या, 'आदर्श' काढा आणि खाली माझं नाव टाका, असं कळवलंय.