आईंचं वजन ७४ किलो आहे, तरीही विचारतेय

ताई, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मणक्याच्या ऑपरेशनआधी स्नायूंची ताकद तपासा, असं लिहून मी आधीच धास्तावलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणखी घाबरवतेय, असं तुमचं म्हणणं. तुमच्या आईंचं वजन ७४ किलो, 'तिला कसली आलीय स्नायूंची झीज?' आणि नस दबलेली असताना थांबायला सांगणं धोक्याचं.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. लेखात ते राहून गेलं, ही माझी चूक. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम करत बसायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. हे आज लेखात सगळ्यात वर घातलंय.

वजनाचं मात्र पटत नाही. माझ्याकडे फिजिओथेरपीला एक आजी यायच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. खुर्चीतून उठताना त्या आधी पुढे सरकायच्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवायच्या आणि तिसऱ्या झोक्याला कशाबशा उभ्या राहायच्या. हाताची घडी घालून उठा म्हटलं, तर एकदाही जमेना. त्यांच्या एमआरआयमध्ये मणक्यामागच्या स्नायूंच्या जागी काळपट मांसाऐवजी पांढरे पट्टेच पट्टे होते. ती चरबी. रिपोर्टात मणक्यांमधली गादी आणि नस यांवर पानभर मजकूर, स्नायूंबद्दल अवाक्षर नाही.

पाठीमागून ऑपरेशन करताना बहुतेक वेळा हेच स्नायू हाडापासून सोडवावे लागतात. स्क्रू लावून मणके जोडले की वरच्या मणक्यावर ताण वाढतो, आणि तो पेलायला मागे स्नायू हवेत. जखम भरायला लागणारी प्रथिनंही शरीर स्नायूंतून ओढून घेतं. त्यात अंथरूण धरलं की आणखी घट. २००७च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस उतरलं!

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हे मान्य. कुणी सीटी स्कॅनवर पोटामागचा सोअस स्नायू मोजतं, कुणी हाताची पकड, त्यामुळे निष्कर्ष जुळत नाहीत. तरी अशक्त रुग्णांचा इस्पितळातला मुक्काम लांबतो, गुंतागुंत वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून ऑपरेशन नको, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

आईंची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना? मग सर्जनना विचारून एवढं करा. खुर्ची भिंतीला टेकवा, तुम्ही शेजारी उभ्या राहा, आणि आईंना हाताची घडी घालून पाच वेळा उठबस करायला सांगा. दुखलं तर लगेच थांबा. स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक कार्यक्षमता कमी धरतात. कंबरदुखीनंही वेळ लागतो, म्हणून आकडा सर्जननाच दाखवा. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दोन्ही जेवणांत घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं किती वाढवायचं, तेही विचारून घ्या.

किती सेकंद लागले ते इथेच कळवा, मी वाट बघतेय.