सल्लागारासाठी संपूर्ण सुरक्षित

कॅन्सर झालेल्या माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये. पूर्वी लोक मोसंबी न्यायचे, सीझन असेल तर पिंपळगावची द्राक्षं न्यायचे. आता त्यात काही वजन राहिलं नाही. तुम्ही जर्दाळूच्या कडू बियांची पुडी न्या, त्या खाल्ल्या की कॅन्सर बरा होतो असं सांगणारे बरेच असतात. गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये शिरताना चेहरा गंभीर ठेवा, चहाला एकदा नको म्हणा, आणि दुसऱ्यांदा आग्रह झाला की कप हातात घेऊन पुडी टीपॉयवर सरकवा. बोलायची घाई नको. "हे काय?" असं त्यांनीच विचारलं पाहिजे.

मग कुणीतरी विचारतंच, "पण हे सुरक्षित आहे ना हो?" बेधडक 'हो' म्हणा. कुणासाठी, ते त्यांनी विचारलेलं नसतं. या बिया सुचवल्यामुळे सुचवणाऱ्याचं डोकंसुद्धा कधी दुखलेलं नाही.

नावाची मात्र काळजी घ्या. बीतल्या द्रव्याचं खरं नाव अमिग्डालिन. ते चुकूनही उच्चारू नका, रंग लावायचं केमिकल वाटतं. "व्हिटॅमिन बी १७" म्हणा. हे बारसं अमेरिकेतल्या अर्न्स्ट क्रेब्स ज्युनियर यांनी केलं. अमिग्डालिनपासून बनवलेलं 'लेट्राइल' त्यांनीच कॅन्सरवरचं औषध म्हणून पुढे आणलं. व्हिटॅमिन म्हणजे जे मिळालं नाही तर माणूस आजारी पडतो ते. बी १७ न मिळाल्याने आजारी पडलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही, पण एवढं खोलात कोण जातंय?

घरात एखादा बी.एस्सी. झालेला भाचा असतो. तो मोबाइलमधून मान वर काढून म्हणेल, "मामा, यात सायनाइड असतं." दचकू नका. उलट खूश व्हा, त्याने तुमचंच काम सोपं केलंय. सांगा, "अरे, तेच तर औषध! ते फक्त कॅन्सरच्या पेशींना मारतं." वाक्य ऐकायला झकास आहे. बी चावली की तिच्यातलंच एंझाइम अमिग्डालिन फोडतं, उरलेलं काम आतड्यातले जिवाणू करतात, आणि सुटलेलं सायनाइड रक्तातून अंगभर फिरतं. पेशीपाशी पोचलं की तिला ऑक्सिजन वापरता येत नाही, मग ती यकृताची असो, मेंदूची असो की गाठीची. तेवढ्यात चहा संपवा.

आणि लहानपण काढा, ते हमखास लागू पडतं. आपण सगळ्यांनी जर्दाळू खाऊन झाल्यावर आठोळी दाराच्या फटीत धरून दार लोटलंय, फुटलेल्या कवचातला 'बदाम' भावंडांशी भांडून खाल्लाय. काय झालं? काही नाही. त्या बिया बहुतेक गोड होत्या, आणि त्यातली एखादी कडू निघाली की आपण थू करून चूळ भरायचो, हे सांगत बसू नका. आता मुद्दाम कडू शोधून आणल्यात, त्यांत अमिग्डालिन कितीतरी पटींनी जास्त असतं. लहानपणी जिभेला कळत होतं ते मोठेपणी विसरता येणं, यालाच अनुभव म्हणतात.

डोस विचारला तर तोंडाला येईल तो आकडा सांगा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसाने तीनपेक्षा जास्त लहान बिया, किंवा मोठ्या बीचा अर्धा तुकडा खाल्ला तरी सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते. लहान मुलाला एक बीसुद्धा जास्त. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने तर 2015 मध्ये कच्च्या बियांच्या विक्रीवरच बंदी घातली. पण ते परदेशी लोक, त्यांना पचतंय काय?

तुम्ही निघून आल्यावर काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून सांगतो. वहिनी रोज पहाटे उठून खलबत्त्यात बिया कुटतात. आवाजाने अण्णांची झोप मोडू नये म्हणून बत्त्याखाली जुना नॅपकिन घालतात. मोजून कुटतात, कारण तुम्ही मोजून सांगितलेलं असतं. कडवटपणा जावा म्हणून मधात कालवतात. अण्णा डोळे मिटून गिळतात आणि तोंड वाकडं होऊ देत नाहीत, कारण वहिनी बघत असतात.

मग डोकं दुखतं, गरगरतं, उलट्या होतात, धाप लागते. फोन तुम्हालाच येतो. "विष बाहेर पडतंय, चालू ठेवा," म्हणा. किंवा सरळ किमोवर ढकला, किमो उलटून बोलत नाही. सोबत व्हिटॅमिन सीचे मोठे डोसही सुचवून टाका. त्याने सायनाइडचा धोका आणखी वाढतो. आणि ताकीद द्या, "डॉक्टरांना बोलू नका, त्यांचा धंदा बुडतो." हे फार महत्त्वाचं. सायनाइडवर उतारा असतो, आणि वेळेत कळलं तर डॉक्टर तो देऊन मोकळे होतील.

पुराव्याचा विषय निघाला तर घड्याळ बघा. 1982 मध्ये अमेरिकेत 178 रुग्णांवर लेट्राइलची चाचणी झाली. कुणी बरं झालं नाही, आयुष्य वाढलं नाही, त्रासही कमी झाला नाही. काहींच्या रक्तात सायनाइड मात्र घातक पातळीच्या जवळ गेलं. हॉलिवूडचा स्टीव्ह मॅक्वीन मेक्सिकोत जाऊन इतर उपचारांबरोबर लेट्राइलही घेऊन आला आणि 1980 च्या नोव्हेंबरात गेला. त्याचं नाव घ्यायचं असेल तर "मोठमोठे स्टार घ्यायचे" इथेच थांबा. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने मनाई आहे. पण तुम्ही कुठे जाहिरात करताय? तुम्ही तर आपुलकीने बोलताय.

पुढे दहाव्याला रामकुंडावर जायलाच लागतं. पांढरा सदरा घाला. "शेवटी नशीब. आधी सुरू करायला हवं होतं," एवढं पुरे, वहिनीही मान हलवतात. कावळा शिवायला वेळ लागतो, तेवढ्यात शेजारचा कुणी हळूच सांगतो की त्याच्या मेव्हण्याचा रिपोर्ट परवाच आलाय, पंचवटीतच राहतो. घाटाच्या पायऱ्या चढताना वहिनींना विचारून घ्या, बरणीत उरल्यात का थोड्या.