‘घरगुती न्यूरोलॉजी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

आईच्या सर्व्हायकल डिस्टोनियावर (मानेचे स्नायू आपोआप आखडून मान एका बाजूला वळते तो आजार) मागे लिहिलं होतं, मानेत बोट्युलिनमचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घ्यायच्या आधी ते सोनोग्राफीवर बघून देणार का एवढं डॉक्टरांना विचारा म्हणून. त्यावर एका वाचकांची कमेंट आलीय: “एमआरआय नॉर्मल आला तर बाकीचे स्कॅन कशाला? सोनोग्राफीत स्नायू दिसतो, त्याचा बिघाड नाही. अनुभवी डॉक्टरचा हात पुरतो. ही घरगुती न्यूरोलॉजी बंद करा.”

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. “सोनोग्राफीत आजार दिसतो” असं एक वाक्य माझ्याकडून गेलं होतं, ते चूक. निदान डॉक्टर मान तपासूनच करतात. वाक्य बदललंय, बघून घ्या.

पण ‘घरगुती’ म्हणजे काय हो? घरीच तर कळलं आम्हाला. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधताना आईला मान सरळ धरवेना, डावीकडेच वळायची, गालाला एक बोट लावलं की थोडा वेळ सरळ राहायची. लोकांना वाटायचं विचार करत बसलीय. देवाला कौल लावून झाला, मालिश झालं, आणि एमआरआय नॉर्मल आल्यावर एका डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की काहीच नाही, मनाचं आहे. तुमचं पहिलं वाक्य वाचलं आणि तेच आठवलं. या आजारात एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो काढतात दुसरं काही नाही ना ते बघायला. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे पेशंट खोटं बोलतो असं नव्हे, आणि हे माझ्या आईला कळायला दीड वर्ष गेलं, त्या दीड वर्षात ती लग्नाकार्याला जायची बंद झाली. तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात.

हाताच्या अनुभवाबद्दल मला आदरच आहे. पण डोकं डावीकडे वळतं तेव्हा ओढणारे स्नायू दोन्ही बाजूंना असतात, उजवीकडचा पुढचा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड आणि डावीकडचा मागचा स्प्लेनियस, आणि त्याहून खोल, कवटीच्या अगदी खाली, एक छोटा स्नायू, ज्याच्या जवळून मेंदूला रक्त नेणारी शीर जाते. तो बोटाला लागत नाही. सोनोग्राफीत सुई कुठे चाललीय ते त्याच क्षणी दिसतं, किरणं नाहीत, मशीन बेडजवळ येतं. आईला दुसऱ्या खेपेला इंजेक्शन नुसतं चाचपून दिलं आणि नंतर दोन आठवडे तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती, कारण औषध पुढच्या स्नायूतून गिळण्याच्या स्नायूंकडे पसरू शकतं. सोनोग्राफी असती तर हे झालंच नसतं असा माझा दावा नाही. पण रात्री उठून चमच्याने पेज तुम्ही भरवली नाही, मी भरवलीय, तेव्हा मी विचारणार आणि दुसऱ्यांनाही विचारा म्हणणार.

बिघाड दिसत नाही म्हणता, तर त्यासाठी ईएमजी आहे, सुईने स्नायूतली वीज टिपतात, आणि दोन्ही एकत्रही वापरतात. पेट स्कॅनमध्ये जास्त राबणारा स्नायू जास्त ग्लुकोज घेतो म्हणून उजळ दिसतो, त्यावरही काम झालंय, पण तो महाग आणि किरणोत्सर्गी, आईला कुणी सांगितला नाही, मीही कुणाला सांगत नाही. बाकीच्या मुद्द्यांत शिरत नाही.

मी डॉक्टर नाही हे पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहिलंय, ती ओळ वाचली असती तर शेवटचं वाक्य लिहिलं नसतंत. बोट्युलिनमचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, त्यामुळे आईची पुढची तारीख चवथीच्या आधीच येतेय. त्या आठवड्यात कमेंट केलीत तर उत्तराला उशीर होईल.