सर्व्हर बसवताय? लायसन्सवर पैसे घालवू नका

ऑफिसात बारा माणसं झाली, जीएसटीची कामं वाढली, टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवरून नेऊन-आणून सगळे वैतागले, की सर्व्हर घ्या. यंत्र घेताना हात आखडू नका. सर्व्हर दिसतो, त्याला दिवे लुकलुकतात, दसऱ्याला हार घालता येतो. लायसन्सला हार कुठे घालणार? काटकसर तिथे करा.

कोटेशन देणारा घाबरवेल. म्हणेल, विंडोज सर्व्हर घेतला तरी तो वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा यंत्राचं वेगळं कॅल, म्हणजे वापराचा परवाना, लागतं, आणि रिमोट डेस्कटॉपने (आपल्या जागेवरून सर्व्हरचा पडदा उघडून) त्यावर काम करायचं तर वर आणखी त्या सेवेचं, म्हणजे आरडीएसचं, कॅल. ताटाचे पैसे दिले, आता पाटाचे वेगळे? असं विचारून त्याला वाटेला लावा आणि आपला नेहमीचा कम्प्युटरवाला बोलवा.

कॅलशिवाय दोन जणांना आत येता येतं, तेही सर्व्हरच्या देखभालीपुरतं. पण देखभाल कशाला म्हणायचं हे आपण ठरवायचं. व्हाउचर एंट्री ही फर्मची देखभालच आहे. सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या एकाच नावाने आत सोडा, पासवर्ड फर्मचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. एक आत शिरला की दुसरा बाहेर फेकला जातो आणि 'कोण घुसलं रे?' अशी आरोळी उठते. ऑफिसात जिवंतपणा राहतो.

आरोळ्यांचा कंटाळा आला तर आरडीएस बसवा. त्याला लायसन्सविना १२० दिवसांची सवलत मिळते. नवं आर्थिक वर्ष म्हणून १ एप्रिलचा मुहूर्त धरलात तर ती ३० जुलैला संपते. पगारदारांच्या प्राप्तिकर रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै! त्या दिवशी बारा जण दाराबाहेर उभे असताना तुम्ही कम्प्युटरवाल्याला फोन लावाल आणि तो पाचशे रुपयांत इंटरनेटवरून लायसन्सची तपासणी चुकवणारी एक छोटी फाइल आणून टाकेल. मग हवे तितके आत या.

फाइल टिकवायची तर दोन पथ्यं पाळा. अँटिव्हायरस तिला विषाणू समजतो, म्हणून तो बंद ठेवा. विंडोजचा अपडेट आला की ती निकामी होते, म्हणून अपडेटही बंद. (२०१९ साली विंडोजमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं. त्यातून रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डविना शिरता येत होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा अपडेट काढला. उगाच गाजावाजा.) कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही 'जाणून' काही करू नका. जे काही जाणायचं ते कम्प्युटरवाला जाणतो.

आता घरून काम. व्हीपीएनचा सुरक्षित बोगदा, मोबाइलवर येणारा दुसरा कोड, ही सगळी नाटकं. साहेबांना रात्री अकराला ताळेबंद बघायचा असतो, त्यांना दोनदा ओळख विचारणार? स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, घ्या, राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं दार, म्हणजे ३३८९ पोर्ट, सरळ सर्व्हरकडे वळवा. कोणी नाक मुरडलंच तर ३३९० करा, म्हणजे जगभर अहोरात्र दारं ठोठावत फिरणारे प्रोग्राम पत्ता चुकून परत जातील अशी तुमची समजूत तरी राहील. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, रात्रभर हजारो चुकीचे पासवर्ड दिसतील. लॉग बघू नका.

बॅकअप त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर घ्या, शोधाशोध नको.

मग एखाद्या सोमवारी टॅलीच्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली असतील, डी ड्राइव्हवरचीसुद्धा, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत नम्र चिठ्ठी असेल: फाइलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. अशी घटना सहा तासांत कळवा, असा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. पण कळवलं तर कोणी सर्व्हरचं लायसन्स मागेल, म्हणून गप्प बसा आणि सवयीने कम्प्युटरवाल्याला फोन लावा. तो चिठ्ठी दोनदा वाचेल, डोकं खाजवेल आणि सांगेल की या कुलपाची किल्ली पाचशे रुपयांत कुठे मिळत नाही.