बटरची जागा शेवटी आहे

घरी ग्रिलवर स्टेक करणाऱ्यांमध्ये एक कृती सध्या खूप फिरते आहे. लसूण आणि हर्ब्ज घातलेलं बटर कच्च्या स्टेकला सढळ हाताने चोळा, म्हणजे ते आत मुरतं. मग कडक आचेवर टाका, म्हणजे रस आत कोंडला जातो. एकदाच उलटा. मीठ सगळ्यात शेवटी. आणि लाल पाणी सुटतंय तोवर स्टेक कच्चा समजा. या पाचही सूचना चुकीच्या आहेत. त्यांच्यापायी चांगलं मांसही वाया जातं आणि चांगलं बटरही.

पहिली सूचना सगळ्यात जास्त नुकसान करते. बटर मांसात मुरत नाही. मांसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, त्यात स्निग्ध पदार्थ शिरायला वावच नसतो. चोळलेलं बटर वरच राहतं. ते साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे जाळीवर ठेवल्या ठेवल्या निखाऱ्यांवर गळायला लागतं. भडका उडतो आणि त्याची काजळी मांसावर बसते. अनेकांना हीच ग्रिलची खमंग चव वाटते, पण ती निव्वळ जळकी चव असते. मांसाला चिकटून राहिलेल्या बटरचंही काही बरं होत नाही. बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि थोडे दुधातले घन पदार्थ. लोणी कढवताना तळाशी बसणारी बेरी ती हीच. 150 अंशांच्या पुढे ती करपायला लागते, आणि चांगली तापलेली जाळी 250 च्या वर असते. बारीक चिरलेला लसूण तर बघता बघता काळा आणि कडू होतो.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, पॅनमध्ये स्टेक करताना बटर घालतातच ना? घालतात, पण शेवटच्या एक-दोन मिनिटांत, आच उतरवून, आणि फेसाळलेलं बटर चमच्याने मांसावर सोडत राहतात. पॅनला तळ असतो, जाळीला नसतो.

ग्रिलसाठी बटर वेगळं तयार ठेवावं. ते मऊ होऊ द्यायचं, वितळवायचं नाही. वितळून पुन्हा गोठलेलं बटर फुटतं आणि रवाळ लागतं. पार्सली धुऊन अगदी कोरडी करून चिरायची, लिंबाची साल किसून घालायची, लसूण बेताचा. कागदात गुंडाळून वळकटी करायची आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यायची. स्टेक ग्रिलवरून उतरला की त्यावर सेंटिमीटरभर जाडीची चकती ठेवा आणि बघत राहा. आधी कडा पारदर्शक होतात, मग मधला हिरवे ठिपके असलेला भाग हळूच एका बाजूला सरकतो, आणि ओघळलेलं बटर मांसाच्या रसात मिसळून ताटलीतच सॉस तयार होतो. लसूण कच्चा, लिंबू ताजं, सगळं जिवंत लागतं. मात्र कच्च्या लसणाचं बटर ओट्यावर ठेवून देऊ नका. हवा न लागणाऱ्या स्निग्ध पदार्थात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. दोन-चार दिवस फ्रीजमध्ये, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये.

रस कोंडला जातो ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1847 मध्ये पसरवली. पुढे प्रयोगांत ती खोटी ठरली. खरपूस झालेल्या स्टेकचा चर्र आवाज चालूच राहतो ना, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. कडक आच हवीच, पण ती चवीसाठी. सुमारे 140 अंशांच्या पुढे मायार अभिक्रिया, म्हणजे मांसातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यातली खमंगपणा आणणारी अभिक्रिया, जोर धरते आणि तपकिरी कवच तयार होतं. पृष्ठभाग ओला असेल तर सगळी उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, म्हणून स्टेक टिपून कोरडा करणं फार महत्त्वाचं.

एकदाच उलटण्याचा नियम सोडून द्या. दर अर्ध्या-एक मिनिटाने उलटलेला स्टेक लवकर होतो आणि आतून जास्त एकसारखा शिजतो.

मीठ आधीच लावायचं. सुरुवातीला त्याने पाणी सुटतं, त्यात मीठ विरघळतं आणि ते पाणी हळूहळू परत आत जातं. याला किमान 40 मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर जाळीवर टाकण्याच्या क्षणी लावा. मधल्या वेळात लावलं तर सुटलेलं पाणी वरच राहतं.

लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे, तो मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा थर्मामीटर मधोमध खुपसा. मिडियम-रेअर, म्हणजे आतून गुलाबी-लालसर स्टेकसाठी 54 ते 57 अंश. उतरवल्यावरही तापमान थोडं चढतं, म्हणून दोन-तीन अंश आधीच काढा. अमेरिकेच्या कृषी खात्याची सुरक्षिततेची शिफारस याहून जास्त आहे, 63 अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध किंवा आजारी माणसं जेवायला असतील तर तीच पाळा. आणि हे आकडे अखंड तुकड्याचे आहेत. खिम्याच्या पॅटीला 71 अंश लागतात, कारण खिमा करताना वरचे जिवाणू आतपर्यंत मिसळले जातात.