साचे अनुभवातून येतात, असे म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. वांशिक पूर्वग्रह हा अन्याय आहे, या माझ्या लेखावर आपण लिहिता की साचे, म्हणजे एखाद्या समूहातले सगळे एकसारखेच असतात अशी आधीच ठरवलेली मते, आकाशातून पडत नाहीत, ते अनुभवातून घडतात, आणि हे न कळणारी माझी नीती पुस्तकी आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. पण ज्याला आपण कधी भेटला नाहीत त्याला ‘खुर्चीत बसून उपदेश करणारे’ म्हणताना आपली लेखणी जराही अडखळली नाही, याचे वाईट वाटले.

एक चूक मान्य करतो. वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६९ सालचा, असे मी लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १९६५ मध्येच संमत केला, अंमल १९६९ पासून सुरू झाला. चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे.

आता ‘अनुभव’. कोणाचा? जपानशी युद्ध सुरू असताना, १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. त्यांच्याकडून आजवर घातपात झालेला नाही, हेच तो होणार असल्याचे चिन्ह आहे, असे पश्चिम किनाऱ्यावरचे अमेरिकी सेनाप्रमुख जनरल डेविट यांनी आपल्या शिफारशीत लिहिले. साचा अनुभवातून घडत असता, तर उलट अनुभवाने तो मोडला असता. पण तो अनुभवालाच आपल्या बाजूने वळवून घेतो: माणूस सचोटीचा निघाला तर अपवाद, लबाड निघाला तर पुरावा.

मी चौदा वर्षे निवड समित्यांवर बसलो आहे. एका उमेदवाराची कागदपत्रे उघडण्याआधीच, केवळ नाव वाचून, ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘हे लोक टिकत नाहीत.’ मी गप्प राहिलो, आणि ते आजही सलते. आपण त्या खोलीत असता तर ‘पुस्तकी’ हा शब्द लिहू धजला नसता. बर्ट्रांड आणि मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन व शिकागोत नोकऱ्यांसाठी सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या दहा अर्जांमागे एक प्रतिसाद आला, काळ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना त्यासाठी पंधरा अर्ज लागले. त्या अर्जदारांचा कसलाही अनुभव कोणाला असणे शक्य नव्हते, कारण ते अर्जदार अस्तित्वातच नव्हते.

आणि समजा, एखाद्या समूहाविषयीची सरासरी खरी ठरली, तरी काय? समोर बसलेला माणूस म्हणजे सरासरी नव्हे. त्याने न केलेल्या गोष्टीचा जाब आपण त्याला विचारतो, आणि तोही मनातल्या मनात, म्हणजे उत्तर देण्याची संधीसुद्धा त्याला मिळत नाही. माझा आक्षेप नेमका एवढाच होता. तो आपण वाचलात की नाही, याची मला शंका आहे.

विनोद आणि चित्रपटांविषयीचे आपले उरलेले परिच्छेद विषयाला सोडून आहेत, त्यांत शिरत नाही.

पुन्हा जरूर लिहावे. मात्र आपल्या प्रतिक्रियेत ‘हे लोक’ हे शब्द चार वेळा आले आहेत. ते वगळून एकदा तीच प्रतिक्रिया लिहून पाहावी.